मनोरुग्ण आणि मुके सोबती

इ. स. १७९० च्या मार्च महिन्यांत इंग्लंडांतील यॉर्क शहरच्या वेड्यांच्या इस्पितळांत हॅना मिल्स नांवाची एक विधवा दाखल झाली. बाई लीड्स गांवची, क्वेकर पंथाची. तिचे आप्त दूर राहत असल्यामुळें त्यांनीं यॉर्कमधील आपल्या पंथबंधूंना विनविलें कीं, अधूनमधून जाऊन तिची विचारपूस करीत जा. ते बिचारे गेलेही. परंतु बाईवर उपचार चालू आहेत, ती कोणास भेटण्याच्या स्थितींत नाहीं, असें सांगून त्यांना दारांतूनच परत लावण्यांत आलें. सहा आठवड्यांनीं तिच्या मृत्यूची वार्ता तेवढी बाहेर आली. त्या भिंतींच्या आंत तिचें काय झालें, हें कोणासच कळलें नाहीं.

आज मनाच्या दुखण्यावर सल्ला देणाऱ्या एखाद्या तज्ज्ञाच्या खोलींत शिरावें, तर कधीं कधीं एक गोजिरवाणा कुत्रा गालिच्यावर पसरलेला दिसतो. तो तेथें पाहुणा म्हणून आलेला नसतो. उपचारांतला एक भागीदार म्हणूनच त्याला बसविलेलें असतें. यॉर्कच्या त्या अभागी विधवेचा आणि या कुत्र्याचा संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो वाटतो त्याहून पुष्कळ जवळचा आहे.

त्या काळीं वेडाविषयींची समजूत काय होती, तें आधीं ध्यानांत घेतलें पाहिजे. मनुष्य आणि पशु यांतील भेद एका विवेकबुद्धीचा. तेव्हां ज्याचा विवेक गेला तो मनुष्य पशूच झाला, असा त्या काळच्या विद्वानांचा सरळ हिशेब होता. हिशेब एकदां मान्य केला कीं बाकीचें आपोआप येतें. पशूला थंडी बाधत नाहीं, म्हणून वेड्याला पांघरूण नको. पशूला धाकांत ठेवावें लागतें, म्हणून वेड्याला चाबूक हवा. पशूला दावें लागतें, म्हणून वेड्याला साखळी हवी. सतराव्या शतकांतील टॉमस विलिस हा मेंदूच्या रचनेचा मोठा अभ्यासक. पण वेड्याला दरारा, मारझोड आणि बंधन यांचीच गरज आहे, असें त्यानेंही लिहून ठेवलें. लंडनच्या बेथलेम इस्पितळांत तर अठराव्या शतकांत बराच काळ लोक पैसे टाकून वेडे पाहावयास जात. आपल्याकडे राणीच्या बागेंत वाघ पाहावयास जात, तसे. १७७० सालीं त्या प्रकाराला आळा बसला.

मनुष्याला पशु ठरविणाऱ्या या शास्त्राचा पराभव पुढें ज्या ठिकाणीं झाला, त्या ठिकाणीं खरे पशु मनुष्याच्या मदतीला धांवून आले, ही या इतिहासांतील गमतीची आणि विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

यॉर्कमध्यें विल्यम ट्यूक नांवाचा चहाकॉफीचा एक व्यापारी होता. जन्म १७३२ चा. हॅना मिल्स वारली तेव्हां त्याची साठी जवळ आलेली. तो वैद्य नव्हता, विद्वान म्हणूनही त्याची प्रसिद्धि नव्हती; पण क्वेकर मंडळींत त्याच्या शब्दाला वजन होतें. या पंथांत पुरोहित नाहीं, प्रार्थनेचा थाट नाहीं. शांत बसून अंतःकरणांतील प्रकाशाची वाट पाहावयाची, एवढीच त्यांची उपासना. हा प्रकाश प्रत्येक माणसांत असतो, अशी त्यांची श्रद्धा. तो प्रत्येकांत असेल तर वेड्यांतही असलाच पाहिजे, हें ओघानेंच आलें. विलिसच्या तर्कापेक्षां हा तर्क निराळा होता, आणि त्यांतून निघालेलीं फळेंही निराळीं होतीं.

आपल्या पंथांतील रोग्यांसाठीं आपलेंच एक घर असावें, ही कल्पना ट्यूकच्या मुलीनें काढली असें सांगतात. १७९२ सालीं ट्यूकनें ती सभेपुढें मांडली, तेव्हां विरोध झाला. आपल्यांत इतके वेडे आहेत कोठें, पैसा कोठून आणावयाचा, असे नेहमींचेच आक्षेप निघाले. खुद्द ट्यूकची पत्नी म्हणाली म्हणे, कीं तुमच्या डोक्यांतून आजवर पुष्कळ लेंकरें जन्मलीं, पण हें शेवटचें मात्र वेडें निपजणारसें दिसतें! म्हातारा हटला नाहीं. यॉर्कच्या वेशीबाहेर एका चढावर ११ एकर जागा घेऊन त्यानें इमारत उभी केली आणि १७९६ सालीं ती उघडली. सोय तीस रोग्यांची. तिला ‘इस्पितळ’ किंवा ‘वेड्यांची कोठी’ असें नांव न देतां ‘रिट्रीट’ म्हणजे विसांव्याची जागा असें नांव दिलें. हें नांव ट्यूकच्या सुनेनें सुचविलें होतें. या घराच्या बारशापासून सगळ्या कामांत बायकांचा हात दिसतो, हें येथें नमूद करण्याजोगें आहे.

इमारत बांधतांना खिडक्यांना लोखंडी चौकटी बसविल्या होत्या, पण त्या लांकडी वाटाव्यात अशा बेतानें. आवारांभोंवतीं सुमारें ८ फूट उंचीची भिंत होती. परंतु घरापासून जमीन उतरती असल्यामुळें ती नजरेला तितकी उंच वाटत नसे. कोंडून ठेवावयाचें, पण कोंडल्याची खूण डोळ्यांना बोचूं द्यावयाची नाहीं, असा हा सारा खटाटोप. आणि या आवारांत ट्यूक व त्याच्या साथीदारांनीं ससे सोडले, कोंबडीं सोडलीं, समुद्रपक्षी आणि ससाणेही ठेवले.

ही माहिती विल्यमचा नातू सॅम्युएल ट्यूक यानें १८१३ सालीं या संस्थेचें जें वर्णन प्रसिद्ध केलें, त्यांत आलेली आहे. तो लिहितो, कीं हे प्राणी रोग्यांच्या अंगवळणीं पडलेले असतात. त्यांच्यापासून निर्दोष करमणूक तर होतेच, पण त्यांच्या सहवासानें माणसांतल्या स्नेहाच्या आणि दयेच्या भावना कधीं कधीं जाग्या होतात. वाक्य अगदीं साधें आहे. ‘कधीं कधीं’ हे शब्द तर विशेष चांगले. पुढें या विषयावर ज्यांनीं ग्रंथ लिहिले, त्यांपैकीं पुष्कळांना ते शब्द वापरण्याचें भान राहिलें नाहीं.

सशानें नेमकें काय होत असेल, याचा थोडा विचार करूं. वेड लागलेल्या माणसाशीं घरचे लोक बोलतात ते भीत भीत, किंवा रागावून, किंवा समजूत घालीत. या तिन्हींत तो वेडा आहे हें गृहीत असतें, आणि तें त्याला कळतें. सशाला तें ठाऊक नसतें. ससा दोनच गोष्टी जाणतो: हा माणूस ओरडतो कीं स्वस्थ बसतो, हाताला हिसका आहे कीं नाहीं. ओरडलें तर तो पळतो, स्वस्थ बसलें तर जवळ येतो. त्यांत रागलोभ नाहीं, उपदेश नाहीं. ज्याला जगांत कोणी कांहीं सोंपवीत नाहीं, त्याच्या हातून एक मूठभर गवत घेणारा एक जीव तेथें असतो. रिट्रीटमधील सर्व उपचारांचें सूत्र रोग्याचा स्वतःवरचा ताबा हळूहळू परत मिळवून देणें हें होतें. तो धडा धाकापेक्षां ससा अधिक चांगला शिकवी, असें मानावयास हरकत नाहीं.

या घराचा कारभारी जॉर्ज जेप्सन हा मूळचा विणकर. त्याच्या कारकीर्दींतील एक प्रसंग सॅम्युएल ट्यूकनें दिला आहे. चौतीस वर्षांचा एक धिप्पाड रोगी आणण्यांत आला. पूर्वीच्या जागीं त्याची इतकी दहशत होती, कीं अंगावरच्या बेड्या न काढतां दोऱ्यांनीं त्याचे कपडे चढवीत व उतरवीत. रिट्रीटच्या दारांत त्याच्या बेड्या काढल्या आणि त्याला कारभाऱ्याच्या टेबलाशीं जेवावयास बसविलें. नीट वागशील तर बांधणार नाहीं, सारें तुझ्या हातीं आहे, असें त्याला सांगितलें. चार महिन्यांनीं तो बरा होऊन घरीं गेला. औषधपाण्याच्या बाबतींतही हे लोक फारसे पोथीनिष्ठ नव्हते. पहिला वैद्य टॉमस फाउलर यानें रक्तस्राव, जुलाब वगैरे त्या काळचे सगळे उपाय करून पाहिले आणि बहुतेक सोडून दिले. उदास रोग्यांना ऊन पाण्याचें स्नान मात्र मानवतें, असें त्याला आढळलें. झोंप येत नसेल तर अफूऐवजीं पोटभर जेवण आणि बीअरचा एक पेला! वैद्यकाच्या इतिहासांत इतका समंजस नुसखा क्वचितच सांपडेल.

सॅम्युएलच्या पुस्तकानें एक वेगळेंच काम केलें. आमच्या शेजारच्या इस्पितळाहून हें बरें, असा त्याचा सूर यॉर्कच्या जुन्या इस्पितळाच्या चालकांना झोंबला. वर्तमानपत्रांत वादावादी झाली आणि गॉडफ्रे हिगिन्स नांवाचा एक न्यायाधीश चौकशीच्या मागें लागला. १८१३ च्या डिसेंबरांत जुन्या इस्पितळाचा एक भाग जळाला; कांहीं रोगी त्यांत दगावले. पुढल्या वर्षीं हिगिन्सनें दारें उघडावयास लावलीं, तेव्हां कागदोपत्रीं नसलेल्या, घाणीनें भरलेल्या कोठड्या सांपडल्या. त्याच वर्षीं बेथलेममध्यें जेम्स नॉरिस हा रोगी मान, खांदे आणि कंबर लोखंडांत जखडलेल्या स्थितींत आढळला. वर्षानुवर्षें तो तसाच होता. १८१५ सालीं पार्लमेंटच्या समितीनें चौकशी केली. हॅना मिल्सच्या वेळीं बंद राहिलेलें दार अशा रीतीनें पंचवीस वर्षांनीं उघडलें.

आतां, या ट्यूक मंडळींच्या कार्याला एक टीकाकारही भेटला आहे. फ्रेंच विचारवंत मिशेल फूको यानें १९६१ सालच्या आपल्या ग्रंथांत असा आक्षेप घेतला, कीं यांनीं साखळ्या काढल्या हें खरें, पण त्यांच्या जागीं रोग्याच्या मनांत अपराधाची आणि सदोदित कोणी पाहत असल्याची भीति घातली. आक्षेप अगदींच पोकळ नाहीं; ‘नीट वागशील तर’ या शब्दांत धाक आहेच. परंतु ज्याच्या अंगावरचे कपडे दोऱ्यांनीं काढावे लागत, त्या माणसाला या दोन धाकांतला कोणता पत्करेल, हा प्रश्न विचारल्याखेरीज असल्या टीकेचें मोल ठरवितां येत नाहीं.

प्राण्यांच्या उपचाराचा आरंभ बेल्जममधील गील या गांवीं झाला, असें कित्येक पुस्तकांतून लिहिलेलें असतें. गील येथें सेंट डिम्फ्ना या साध्वीचें स्थान आहे आणि कित्येक शतकें तेथील शेतकरी मनोरुग्णांना आपल्या घरांत ठेवून घेत आले आहेत. रोगी गाईगुरांत, कोंबड्यांत वावरले हें उघड आहे. पण तेथें गुण आला तो सगळ्या घराचा, एकट्या गाईचा नव्हे. शेतकऱ्याच्या घरांत बैलाशीं बोलणें ही कांहीं उपचारपद्धति नसते, हें आपल्या लोकांना तरी सांगावयास नको. हेतुपूर्वक, रोग्याच्या मनासाठीं म्हणून प्राणी आणून ठेवल्याचा स्पष्ट लेखी पुरावा यॉर्कचाच.

पुढें ही चाल पसरली. इंग्लंडांतील धर्मादाय संस्थांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत इस्पितळांच्या आवारांत मेंढ्या, ससे, फार काय एखादें माकडही ठेवावें, अशी शिफारस केली. ज्या बेथलेममध्यें नॉरिस जखडलेला होता, त्याच बेथलेमच्या दालनांत १८६० च्या सुमारास पिंजऱ्यांतील पांखरें, खारी, कुत्रे दिसूं लागल्याचीं वर्णनें आहेत. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनीं १८५९ सालीं लिहिलेल्या शुश्रूषेवरील टिपणांत, दीर्घकाळ अंथरुणास खिळलेल्या रोग्याला एखादा लहान प्राणी हा उत्तम सोबती होय, असें स्वच्छ म्हटलें आहे. वर्षानुवर्षें एकाच खोलींत पडून असलेल्या रोग्याला पिंजऱ्यांतला पक्षी हाच कधीं कधीं एकमेव आनंद असतो, असेंही त्या म्हणतात. बाईंचें हें लिहिणें ऐकीव नव्हे. १८५० सालीं ग्रीसमध्यें त्यांनीं घुबडाचें एक पिल्लू पोरांच्या हातून सोडवून आणलें होतें. त्याचें नांव अथीना. तें त्यांच्या खिशांत बसून हिंडे. क्रिमियाच्या युद्धावर निघण्याच्या धांदलींत तें मेलें, आणि एरवीं कठोर म्हणून प्रसिद्ध असलेल्या बाईंचे डोळे तेव्हां भरून आले.

परंतु १८४५ च्या कायद्यानें प्रत्येक परगण्याला वेड्यांचें इस्पितळ काढणें भाग पडलें आणि तीस रोग्यांच्या घरांची जागा शेंकडों, पुढें हजारों रोग्यांच्या प्रचंड इमारतींनीं घेतली. गाई आणि डुकरें तेथेंही होतीं, पण तीं दुधामांसासाठीं. रोगी त्यांच्यामागें राबत ते मजूर म्हणून. मग जंतुशास्त्र आलें, फरशा कार्बोलिकनें धुतल्या जाऊं लागल्या, आणि मांजराला दाराबाहेर काढण्यांत आलें. विसाव्या शतकांत विजेचे झटके आले, १९५२ पासून मन शांत करणारीं नवीं औषधें आलीं. सशाची आठवण कोणाला राहणार?

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्यें, न्यूयॉर्क राज्यांतील पॉलिंग येथें अमेरिकन वैमानिकांच्या विश्रामकेंद्रांत शेतावरचीं जनावरें, घोडे, कोंबडीं यांच्या सहवासांत युद्धानें खचलेल्या तरुणांना ठेवून पाहिलें. त्यांना बरें वाटलें असें म्हणतात. मात्र टिपणें कोणी ठेवलीं नाहींत, त्यामुळें तो प्रयोग शास्त्राच्या वहींत शून्यच राहिला.

पुनरारंभ झाला तो योजून नव्हे, योगायोगानें. न्यूयॉर्कच्या येशिव्हा विद्यापीठांत बोरिस लेव्हिन्सन हे मुलांच्या मनाचे अभ्यासक होते. जन्म १९०७, मूळचे लिथुआनियाचे. घरींच ते रोगी पाहत. एक आई आपल्या मुलाला घेऊन ठरल्या वेळेच्या पुष्कळ आधीं येऊन ठेपली. मुलगा कोणाशीं बोलत नसे. अनेक उपचार थकले होते, आणि आतां इस्पितळांत ठेवावें लागेल असें सांगण्यांत आलें होतें. वेळ झालेली नसल्यामुळें लेव्हिन्सन यांचा कुत्रा जिंगल्स खोलींतच होता. एरवीं रोगी यावयाच्या आधीं त्याला बाहेर घालीत. जिंगल्स धांवत गेला आणि मुलाला चाटूं लागला. मुलगा भ्याला नाहीं. त्यानें कुत्र्याला कुशींत घेतलें. आई त्याला ओढूं लागली, तेव्हां लेव्हिन्सन यांनीं तिला थांबविलें. निघतांना मुलानें विचारलें, कीं या कुत्र्याशीं खेळायला पुन्हां येऊं का?

कित्येक बैठका तो केवळ कुत्र्याशींच खेळला. लेव्हिन्सन यांच्याकडे त्यानें जवळ जवळ ढुंकूनही पाहिलें नाहीं. मग हळूहळू कुत्र्यावरची माया कुत्र्याच्या धन्याकडे वळली, बोलणें सुरू झालें आणि उपचाराला वाट मिळाली. हा क्रम ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. कुत्र्यानें रोग बरा केला नाहीं. त्यानें दार उघडलें. आंत जाऊन काम करावयाचें तें माणसानेंच.

लेव्हिन्सन यांनीं हा अनुभव १९६१ सालीं अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञांच्या संमेलनांत सांगितला, तेव्हां सभेंत हंशा पिकला. कुत्र्याला फीमधला किती वांटा देतां, असाही एकानें प्रश्न टाकला. दुसऱ्या वर्षीं त्यांचा निबंध छापून आला. १९६९ सालीं त्यांनीं मुलांच्या उपचारांतील पाळीव प्राण्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. हंसणाऱ्या मंडळींना एक गोष्ट ठाऊक नसावी. खुद्द सिग्मंड फ्रॉइड यांच्या व्हिएन्ना येथील खोलींत त्यांच्या उतारवयांत जोफी नांवाची चौ जातीची कुत्री रोगी आले तरी बसून असे. १९३३ सालीं एच. डी. या नांवानें लिहिणारी अमेरिकन कवयित्री फ्रॉइडकडे आली, आणि आल्या आल्या तिनें कुत्रीकडे हात केला. ती परक्यांना चावते, हात लावूं नका, असें फ्रॉइडनीं बजावलें. बाईनें हात मागें घेतला नाहीं, आणि जोफीनें आपलें नाक तिच्या हातांत खुपसलें. पुढें या बाईला, प्राध्यापकांचें लक्ष आपल्यापेक्षां कुत्रीकडेच अधिक आहे, असा मत्सरही वाटला! तासाची वेळ संपली कीं जोफी उठून उभी राही, फ्रॉइडना घड्याळ पाहावें लागत नसे, अशीही तिची ख्याति आहे. १९३७ सालीं ती मेली.

लेव्हिन्सनच्या पाठोपाठ ओहायो राज्यांत दोन प्रयोग झाले. ओहायो स्टेट विद्यापीठांत सॅम्युएल व एलिझाबेथ कॉर्सन हें दांपत्य कुत्र्यांच्या स्वभावाचा अभ्यास करी. कुत्र्यांचीं खुराडीं मनोरुग्णांच्या विभागाच्या कानांच्या टप्प्यांत होतीं. जे तरुण रोगी दिवसचे दिवस तोंड उघडत नसत, त्यांच्यापैकीं कांहीं जण भुंकणें ऐकून ‘कुत्रे पाहूं द्या’ असें म्हणूं लागले. कॉर्सन यांनीं इतर उपचारांनीं गुण न आलेले पन्नास रोगी निवडले आणि प्रत्येकाला मनपसंत कुत्रा भेटूं दिला. त्यांच्या १९७७ सालच्या अहवालाप्रमाणें तिघांनीं कुत्रा नाकारला. बाकीच्या सत्तेचाळीस जणांत कमीअधिक सुधारणा दिसली. एकोणीस वर्षांचा एक तरुण बिछान्यांतून उठावयास तयार नव्हता. गोळ्या झाल्या, विजेचे झटके झाले. फॉक्स टेरियर जातीचा एक कुत्रा त्याच्या बिछान्यावर उडी मारून बसला, तेव्हां त्यानें पहिल्यांदाच आपण होऊन प्रश्न विचारला: हा ठेवूं कोठें?

दुसरा प्रसंग लिमा येथील, गुन्हेगार मनोरुग्णांच्या इस्पितळांतला, १९७५ सालचा. रोग्यांना आवारांत एक जखमी पांखरूं सांपडलें. त्यांनीं तें चोरून आंत नेलें आणि त्याच्यासाठीं किडे पकडूं लागले. एकमेकांकडे पाठ करून बसणारीं हीं माणसें प्रथमच संगनमतानें कांहीं करीत आहेत, हें डेव्हिड ली नांवाच्या समाजसेवकाच्या नजरेंत आलें. त्यानें पांखरूं जप्त केलें नाहीं. एखादा नियमनिष्ठ अधिकारी असता तर या गोष्टीचा येथेंच शेवट झाला असता. लीनें एका विभागांत प्राणी ठेवण्याची परवानगी मिळविली आणि प्राणी नसलेल्या तशाच दुसऱ्या विभागाशीं वर्षभर तुलना केली. प्राणी असलेल्या विभागांत औषधें निम्मीच लागलीं, मारामाऱ्या पुष्कळ कमी झाल्या, आत्महत्येचा प्रयत्न एकही झाला नाहीं. दुसऱ्या विभागांत असे आठ प्रयत्न झाले.

हे आंकडे मन हलविणारे आहेत, पण त्यांनीं वाहून जाऊं नये. कॉर्सन यांच्या पन्नास रोग्यांबरोबर तुलनेसाठीं दुसरे पन्नास नव्हते. त्यानंतर शेंकडों प्रयोग झाले. कुत्र्याला कुरवाळतांना मनुष्याचा रक्तदाब माणसाशीं बोलतांना चढतो तसा चढत नाहीं, असें पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत दिसून आलें. परंतु बरेच प्रयोग लहान, थोड्या दिवसांचे, आणि ज्यांना मुळांतच प्राण्यांची आवड आहे अशांनीं केलेले. औषधाची परीक्षा करतांना साखरेची गोळी देऊन फसवितां येतें. साखरेचा कुत्रा कोठून आणावा? मांडीवर कुत्रा आहे कीं नाहीं, हें रोग्याला कळल्यावांचून राहत नाहीं. कुत्र्यानें गुण आला, कीं कुत्रा आणणाऱ्या माणसाच्या प्रेमळ शब्दांनीं आला, हाही प्रश्न उरतो. म्हणून जाणते तज्ज्ञ आज एवढेंच म्हणतात कीं, समुपदेशनाला जोड म्हणून, योग्य रोग्याला, योग्य प्राणी उपयोगी पडतो. तो स्वतः औषध नव्हे. सॅम्युएल ट्यूकचे ‘कधीं कधीं’ हे शब्द दोनशें वर्षांनीं पुन्हां फिरून आले ते असे.

आपल्या देशांत ही पद्धति एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत रुजूं लागली. मुंबईस अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशन या संस्थेनें शाळांतून आणि विशेष गरजा असलेल्या मुलांमध्यें शिकविलेले कुत्रे नेण्यास आरंभ केला. आपल्याकडे अडचणी निराळ्या आहेत. रस्त्यावरच्या कुत्र्यांनीं धास्तावलेलें मूल येथें घरोघर सांपडतें, पिसाळलेल्या कुत्र्याची भीति खरी आहे, आणि कित्येक घरांत कुत्र्याचा स्पर्शच वर्ज्य असतो. तेव्हां आधीं विचारल्याखेरीज कुत्रा खोलींत आणावयाचा नाहीं, हा येथला पहिला नियम होऊन बसतो. त्याहून मोठी गोष्ट अशी, कीं ज्या साखळ्या यॉर्कमध्यें १७९६ सालीं निघाल्या, त्या आपल्याकडे अजून पुरत्या निघालेल्या नाहींत. २००१ च्या ऑगस्ट महिन्यांत तामिळनाडूंतील एर्वाडी येथें एका खाजगी निवाऱ्याला आग लागली. आंतील मनोरुग्ण साखळदंडांनीं बांधलेले असल्यामुळें त्यांना पळतां आलें नाहीं. अठ्ठावीस जण जळून मेले.

या सगळ्यांत कुत्र्याचें काय, हा प्रश्न फार उशिरां विचारला गेला. यॉर्कच्या सशांना कोणी विचारलें नव्हतें. आवाराच्या त्या भिंतींत कोंडलेला ससाणा तर खासच सुखी नसावा. अलीकडे मात्र उपचारासाठीं निवडावयाच्या कुत्र्याची परीक्षा होते: अनोळखी माणसानें घट्ट मिठी मारली, एकाएकीं भांडें आदळलें, कोणी किंचाळलें, तरी तो बिथरत नाहीं ना? त्याला लस टोंचलेली असावी लागते, नखें कापलेलीं असावीं लागतात. एवढें करूनही तो थकतो, कारण दुःखी माणसांजवळ बसून राहणें हें कुत्र्यालाही सोपें काम नव्हे. सुमारें तासाभरानें तो वारंवार जांभया देऊं लागतो, ओंठ चाटतो, मान दुसरीकडे वळवितो. त्याला आणणारा माणूस या खुणांवर नजर ठेवून असतो. त्या दिसल्या कीं समुपदेशकाचें बोलणें अर्ध्यावर असलें तरी तो उठतो, गळ्यांतला पट्टा सोडतो आणि कुत्र्याला बाहेर मोकळ्यावर घेऊन जातो.